मार्क नसलेलं चित्र

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एका निकालात देशभरातल्या शिक्षणसंस्थांना काही सूचना दिल्या. त्यातली एक अशी : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवायचा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा त्या प्रकरणाचा गाभा होता, त्यामुळे सूचना कडक होत्या.

तेव्हापासून आपल्याकडे अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, पालकसभेत 'काउन्सेलर मॅडम' हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. काही शाळांत त्या पूर्वीपासून आहेत, काहींत आठवड्यातून दोनदा येतात, काहींत नुसती पाटी लागली आहे. आणि जिथे त्या खरोखर काम करतात तिथे पालकांना एक गोष्ट हमखास खटकते. मुलगा घरी येऊन सांगतो, "मॅडमनी चित्र काढायला दिलं. आज माती दिली. आज कागद फाडून चिकटवायला दिले." मग पालक विचारतात, याला समुपदेशन म्हणायचं? चित्रंच काढायची होती तर चित्रकलेचे सर काय वाईट होते?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उलट फार नेमका आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मुंबईत शाळकरी मुलांच्या हातात पेन्सिल कोणी, कधी आणि कशासाठी दिली, हे बघावं लागतं. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगतो. मी समुपदेशक नाही. उपनगरातल्या एका मराठी शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाचा मुलगा आहे आणि हा विषय घरातच ऐकत वाढलोय, एवढाच माझा अधिकार.

पेन्सिल आली ती परीक्षेसाठी

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. त्यामागे सर जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी होती, आणि अभ्यासक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची छाप होती. तिथला विचार सरळ होता : कारखान्यांना आणि कारागिरीला चांगले नमुने हवेत, त्यासाठी हात आणि डोळा तयार हवा. चित्र म्हणजे शिस्त. रेघ सरळ आली पाहिजे, घडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे.

ही शिस्त जे. जे.च्या आवारातून शाळांत उतरली ती ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांमधून. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या परीक्षा आज राज्याचं कला संचालनालय घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती... हे शब्द वाचून अनेकांना बोटांना लागलेल्या पोस्टर कलरचा वास आला असेल. अलीकडे या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळायला लागले, आणि उपनगरांतल्या क्लासवाल्यांचं फावलं. 'स्मरणचित्र' म्हणजे खरं तर आठवणीतून काढायचं चित्र. पण क्लासमध्ये चार तयार प्रसंग पाठ करून घेतात : बाजार, बसस्टॉप, बाग, सण. बसस्टॉपवर उभ्या माणसाचा हात कुठे आणि पिशवी कुठे, तेही ठरलेलं. मूल दुसऱ्याची आठवण पाठ करतं आणि आपली म्हणून उतरवतं.

मी या परीक्षांना नावं ठेवत नाहीये. माझ्या वडिलांनी आयुष्यभर त्यांची तयारी करून घेतली. या श्रेणीपत्रकांच्या बळावर पुढे छापखान्यात, जाहिरातीत, वास्तुरचनेत गेलेले विद्यार्थी मी पाहिलेत. मुद्दा इतकाच : आपल्याकडे शाळेतलं चित्र पहिल्यापासून तपासण्यासाठी काढलं गेलं. त्याच्या कोपऱ्यात लाल शाईचा आकडा येणार, हे गृहीत होतं.

मन मोजायला आलेली पेन्सिल

दुसरा धागा मानसशास्त्राचा. तोही मुंबईतूनच जातो.

१९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे पहिले संचालक. हीच पुढची टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था. १९५४ साली देवनारला जाण्याआधी काही वर्षं ती आपल्या अंधेरीत होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढलं, भारतातलं पहिलं. 'वाया गेलेलं', 'मठ्ठ', 'हट्टी' असे शिक्के बसलेल्या मुलाला शिक्षा करण्याऐवजी त्याचं ऐकायचं, घरी जाऊन बघायचं, हा विचार या शहरात तेव्हा संस्थेच्या रूपाने आला. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनसुद्धा १९९६ साली टिसच्याच एका क्षेत्रीय प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली. म्हणजे ऐकण्याची परंपरा आपल्याकडे आहे.

पण शाळांच्या दारातून जे आत आलं ते वेगळं होतं. १९४१ साली मुंबईत बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघालं, १९४७ साली पारशी पंचायतीचं, आणि १९५० साली तेव्हाच्या मुंबई सरकारने स्वतःचं काढलं. मुदलियार आयोगाने १९५२-५३ साली आणि कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शाळांत मार्गदर्शनाची सोय हवी असं म्हटलं. सगळं चांगलंच. पण 'मार्गदर्शन' याचा व्यवहारातला अर्थ झाला : मुलाची चाचणी घ्या, कल शोधा, दहावीनंतर कुठे जायचं ते सांगा. ही वाट थेट २०१६ पर्यंत येते. त्या वर्षी राज्याने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी आणली. म्हणजे सरकारी शाळेतल्या मुलाची मानसशास्त्राशी पहिली, आणि बहुधा शेवटची, भेट झाली ती एका प्रश्नावलीतून.

चित्राचंही तेच झालं. १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 'माणूस काढ' ही चाचणी तयार केली. मुलाला माणसाचं चित्र काढायला सांगायचं आणि मोजायचं : डोळे आहेत का, बोटं किती, मान काढलीय का, कपडे आहेत का. त्यावरून बौद्धिक वय. आपल्याकडे बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी या चाचणीची मापनं तयार केली. पेन्सिल आणि कागद एवढंच लागतं, भाषा आड येत नाही, म्हणून ती दवाखान्यांत आणि शाळांत खूप वापरली गेली. काम मोलाचं होतं. नंतर १९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत आणखी पुढची पायरी आली : घर, झाड, माणूस काढायला लावून स्वभाव ओळखायचा. दार बंद म्हणजे मूल मिटलेलं, हात नाहीत म्हणजे असहाय, असे अर्थ. पुढच्या संशोधनात या ठोकताळ्यांना फारसा आधार मिळाला नाही. पण ठोकताळे चिवट असतात. आजही व्हॉट्सॲपवर 'तुमच्या मुलाने काळा रंग वापरला तर सावधान' असे फॉरवर्ड फिरतात, ते त्याच झाडाचं वाळलेलं पान आहे.

म्हणजे बघा. एकीकडे कलेची परीक्षा, दुसरीकडे कलाची परीक्षा. दोन्हीकडे मूल पेपर लिहितंय आणि मोठं माणूस तपासतंय.

तिसरी वाट

काउन्सेलर मॅडम जे करतात ते या दोन्हींतून आलेलं नाही. त्याचा उगम वेगळा आहे, आणि त्यातला एक झरा महाराष्ट्रातला आहे.

१९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले. गांधीजींच्या नई तालीममध्ये ते मुलांना चित्रकला शिकवू लागले, आणि पुढची जवळजवळ अठरा वर्षं तिथे राहिले. शेतकऱ्यांची, कामगारांची, आश्रमातली मुलं. देवी प्रसाद यांचं म्हणणं असं होतं की शाळेतली कला चित्रकार घडवण्यासाठी नाही. मुलाच्या आत जे साठतं त्याला बाहेर यायला निकोप वाट हवी, म्हणून ती आहे. ही वाट नसेल तर तेच साचलेलं तोडफोडीतून येतं किंवा आतल्या आत मुरतं. हा विचार त्यांनी पुढे पुस्तकातून मांडला. आपल्या बालशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याच अंगाने काम करत होत्या. दादरच्या शिशुविहारपासून बोर्डी-कोसबाडपर्यंत त्यांच्या वर्गांत गाणं, माती, रंग, गोष्ट यांना अभ्यासाइतकीच जागा होती.

त्याच वर्षांत, तिकडे युरोपात, फार भयंकर परिस्थितीत हेच काम चाललं होतं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही बाउहाउसमध्ये शिकलेली चित्रकार. १९४२ साली नाझींनी तिला प्रागजवळच्या टेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तिथे ती मुलांना चित्रकला शिकवायची. सापडेल त्या कागदावर, अगदी वापरलेल्या फॉर्मच्या पाठीवर. प्रत्येक मुलाने चित्रावर आपलं नाव घालायचं, हा तिचा आग्रह. जिथे माणसांना नंबर दिले जात होते तिथे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी दोन सुटकेसमध्ये भरून लपवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं युद्धानंतर मिळाली, ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातली बहुतेक मुलं जगली नाहीत.

फ्रीडलची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, १९३८ सालीच न्यूयॉर्कला पोहोचली होती. १९५० पासून तिने विल्टविक नावाच्या निवासी शाळेत काम केलं. तिथली बरीचशी मुलं गरीब वस्तीतली, घरं मोडलेली, रागावलेली. त्या अनुभवावर १९५८ साली तिने पुस्तक लिहिलं आणि शाळेतल्या कलोपचाराची पायवाट पडली. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्याआधीच, १९४२ साली, एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने वापरात आणला होता. क्षयाच्या आरोग्यधामात पडून असताना चित्र काढण्याने त्याला स्वतःला तरतरी आली, तिथून.

सेवाग्राम, टेरेझिन, विल्टविक. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. चित्राला मार्क नव्हते.

आमच्या घरातली एक गोष्ट

इथे एक घरातली आठवण सांगतो. जानेवारी १९९३. दंगलीनंतर शाळा पुन्हा भरल्या होत्या. जोगेश्वरीचं नाव रोज पेपरात होतं. वर्गात मुलं कमी, आणि जी होती ती एकमेकांशी बोलत नव्हती. वडिलांचा सातवीच्या वर्गावर तास होता. ठरल्याप्रमाणे स्थिरचित्र : तांब्या, फळं, मागे कापड. त्यांनी टेबलावर तांब्या मांडलाच नाही. कोरे कागद वाटले आणि म्हणाले, काय वाटेल ते काढा, मी बघणार नाही, मार्क देणार नाही, कागद घरी न्या.

पंचेचाळीस मिनिटं वर्गात आवाज नव्हता. तास संपल्यावर बहुतेकांनी कागद दप्तरात टाकले. तिघा-चौघांनी मात्र टेबलापाशी येऊन आपणहून दाखवले आणि बोलायला लागले. पुढच्या तासाचे सर दारात उभे होते, तरी थांबेनात. वडिलांनी काय ऐकलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मुलांचं आहे."

'समुपदेशन' हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. बी.एड.च नव्हे, त्यांच्या ए.टी.डी.तही तो विषय नसावा. पण नीट पाहिलं तर आज प्रशिक्षित समुपदेशक ज्या गोष्टी पाळतात त्यातल्या चार त्या एका तासात होत्या : विषयाची सक्ती नाही, मूल्यमापन नाही, चित्राची मालकी मुलाची, आणि ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही.

त्या खोलीत नेमकं काय चालतं

गेल्या काही वर्षांत शाळांत काम करणाऱ्या समुपदेशकांशी बोलून मला जे समजलं ते साध्या शब्दांत मांडतो.

पहिली गोष्ट भाषेची. आपल्या उपनगरांतली शाळा बघा. घरी भोजपुरी, कच्छी, कोकणी, तमिळ किंवा बागलाणी वळणाची मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानात हिंदी. दहा वर्षांच्या मुलाला 'तुला काय वाटतंय' हे तिसऱ्याच भाषेत विचारलं की उत्तर येतं, 'नथिंग'. मोठ्यांनासुद्धा भीती, लाज, दुःख यांना शब्द सापडत नाहीत. मुलांचं काय घेऊन बसलात. कागदावर मात्र भाषा लागत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. समोरासमोर खुर्ची टाकून बसवलं की मुलाला ऑफिसात बोलावल्यासारखं वाटतं. हातात माती असली, डोळे कागदावर असले, की बोलणं बाजूने येतं. भाजी निवडता निवडता आईला सांगितलेल्या गोष्टी आठवा.

तिसरी गोष्ट विचारण्याची. चांगली समुपदेशक "हे काय आहे?" असं विचारत नाही. 'छान' असंही म्हणत नाही, कारण छान म्हटलं की मूल पुढचं चित्र छान काढायला बघतं. ती म्हणते, "याच्याबद्दल मला काही सांगशील?" मुलाने काळा रंग वापरला तर त्याचा अर्थ ती लावत नाही. कदाचित तेलखड्यांच्या डब्यात तोच अख्खा उरला असेल! अर्थ सांगायचा अधिकार मुलाचा.

साधनंही साधीच असतात. शरीराची बाह्यरेषा देऊन 'राग आला की कुठे कळतं' ते रंगवणं. बोटबाहुल्या, कारण स्वतःबद्दल न बोलणारं मूल बाहुलीच्या तोंडून बोलतं. जुन्या मासिकांची चित्रं कापून कोलाज. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना हे बरं पडतं. 'जीवनवृक्ष' नावाचा एक उपक्रमही काही ठिकाणी वापरतात : मुळांत आपलं गाव आणि माणसं, खोडात आपल्याला काय जमतं ते, फांद्यांत इच्छा, पानांत आपल्याला जपणारी माणसं. तो झिम्बाब्वेच्या न्काझेलो न्क्युबे आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी मिळून घडवला, आईबाप गमावलेल्या आफ्रिकेतल्या मुलांसाठी. घडलेल्या वाईटाबद्दल बोलण्याआधी मुलाला उभं राहायला जमीन द्यायची, हा त्यातला विचार. गाव सोडून खोलीत राहायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांना मुळांचा भाग पटकन समजतो.

आणि मर्यादाही आहेत, त्या झाकू नयेत. समुपदेशनात कलेचे उपक्रम वापरणं वेगळं आणि कलोपचारतज्ज्ञ असणं वेगळं. दुसऱ्याला स्वतंत्र प्रशिक्षण लागतं. चित्र म्हणजे निदान नव्हे आणि पुरावाही नव्हे. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गुप्तता बाजूला ठेवून पालकांना आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. हे नियम मुलालाही पहिल्याच भेटीत सांगायचे असतात.

आपण काय शिकलो, काय नाही

२००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक ओळखतो. वाचन-लेखनातल्या अक्षमतेसाठी महाराष्ट्राने परीक्षेत सवलती द्यायला १९९६ पासून सुरुवात केली होती. सायनच्या महापालिका रुग्णालयात तपासणी होत होती. पण घराघरांत ही गोष्ट पोहोचवली ती या सिनेमाने. तरीही शेवट आठवा. शाळेत चित्रस्पर्धा होते, ललिता लाजमींसारख्या मोठ्या चित्रकार परीक्षक असतात आणि तो मुलगा पहिला येतो. सिनेमा म्हणून ठीक. पण ज्याला चित्र जमत नाही अशा मुलाचं काय? त्याला तर रंगांची जास्त गरज असू शकते. आपल्याला मूल जिंकल्याशिवाय त्याचं ऐकल्याचं समाधान मिळत नाही, असं कधीकधी वाटतं.

दुसरीकडे, बक्षिसाशिवायचं कामही इथेच झालंय. अवेही-अबॅकसने मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी 'संगती' तयार केला. चित्रं, गोष्टी, चर्चा यांतून मुलांना स्वतःकडे आणि समाजाकडे बघायला लावणारा. मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणे. तिथे २०१४ साली रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटुकली उभी करायची. आयुष्यभर बालनाट्य केलेल्या माणसाने उतारवयात मुलांना संहिता न देता त्यांची संहिता ऐकायचं ठरवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच १९९० पासून मनआरोग्याचं काम करते आहे.

मग आला कोविड. मार्च २०२० मध्ये मुंबईतल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते सातवीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला. जवळजवळ एकवीस महिने. जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद. दोन खोल्यांच्या घरात ते महिने काढलेली मुलं वर्गात आली तेव्हा आपण पहिल्यांदा काय विचारलं? सिलॅबस किती राहिला. २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. कल्पना चांगली आहे. पण अनेक ठिकाणी त्याचंही रूपांतर फोटो काढून वर पाठवायच्या उपक्रमात झालं, हे शिक्षकच खाजगीत सांगतात.

आता खरा प्रश्न

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. कायदा २००९ चा. प्रत्यक्षात माझ्या पाहण्यातल्या मराठी अनुदानित शाळांमध्ये चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की जागा भरली जात नाही. माझ्या वडिलांच्या जागी आलं कोण? कोणीच नाही. तास गणिताला गेला. चित्रकलेची खोली आता परीक्षेच्या साहित्याचं गोदाम आहे.

आणि त्याच शाळांना आता सांगितलं जातंय, समुपदेशक नेमा. पैसे कुठून येणार ते नीट सांगितलेलं नाही. जास्त फी घेणाऱ्या शाळा नेमतील, नेमतातही. गल्लीतल्या अनुदानित शाळेत काय होईल? एखाद्या शिक्षिकेला तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन 'समुपदेशक' लिहिलेला बिल्ला देतील.

साधा हिशेब करू. समजा दीड हजार मुलांची शाळा आहे आणि समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येते. दिवसाला सहा मुलं, म्हणजे आठवड्याला बारा. शाळेचे पस्तीस आठवडे धरले तर वर्षाला ४२० भेटी. एका मुलाला निदान सहा भेटी लागतात असं धरलं तर ७० मुलं. उरलेली चौदाशे तीस?

त्यांच्यासाठी चित्रकलेचा तास होता. उपचार म्हणून नाही. आठवड्यातली पाऊण-एक तासाची अशी जागा, जिथे उत्तर चुकत नाही आणि एखादा मोठा माणूस शांतपणे बाकांमधून फिरत असतो. वर्गात कोण अचानक गप्प झालंय, कोण कागद फाडतोय, हे त्याला सगळ्यांत आधी दिसतं. समुपदेशकाकडे मूल पाठवणारा पहिला डोळा तोच. तो काढून घ्यायचा आणि खोलीवर पाटी लावायची, म्हणजे दवाखाना उघडून पाण्याचा नळ बंद करण्यासारखं आहे.

म्हणून त्या पालकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. चित्रकलेचे सर वाईट नव्हतेच. मॅडम त्यांच्या जागी नाहीत. सरांचा तास सगळ्यांचा आहे, मॅडमची खोली ज्याला गरज आहे त्याची. दोन्ही हवेत. आणि दोघांच्याही कपाटात काही कागद असे हवेत ज्यांवर कधीच आकडा पडणार नाही.

प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे. जूनमधली पहिली सभा फी, बस आणि गणवेशात संपते. यंदा पाच प्रश्न विचारा :

१. आपल्या शाळेत चित्रकलेचा तास प्रत्यक्षात होतो का? शिकवतं कोण?

२. समुपदेशक कोण आहेत, त्यांचं शिक्षण काय, आणि त्या आठवड्यातून किती तास असतात?

३. त्यांना दार लावता येईल अशी खोली आहे का? की स्टाफरूमच्या कोपऱ्यात टेबल?

४. तिथे मुलांनी केलेली चित्रं कोण बघतं, कुठे ठेवतात? ती व्हॉट्सॲप ग्रुपवर, सूचनाफलकावर किंवा वार्षिक अंकात जाणार नाहीत, याची लेखी हमी आहे का?

५. मुलाला पुढे डॉक्टरकडे पाठवायची वेळ आली तर कुठे पाठवतात, आणि पालकांना कधी सांगतात?

आणि घरात? मुलगी चित्र घेऊन आली तर 'वा' म्हणायच्या आधी आणि फोन काढायच्या आधी जरा थांबा. शेजारी बसा. तिला सांगायचं असेल तर सांगेल. नसेल सांगायचं तर कागद तिच्या खणात जाऊ द्या.

मूल फार गप्प झालं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, 'मी नसतो तर बरं' असं काही बोलत असेल तर शाळेची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही चोवीस तास.

तुमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीचं आज काय झालंय, ते खाली लिहा. शाळेचं नाव नको, नुसता विभाग लिहिला तरी चालेल. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड अशी यादी झाली तर ती घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाऊ.